कीबोर्डच्या पोटातला प्रोग्राम

इनस्क्रिप्ट पद्धतीने मराठी टाइप करताना आपण ‘क’ दाबतो, तेव्हा कीबोर्डकडून संगणकाला ‘क’ जात नाही. १४ हा आकडा जातो. इंग्रजीत ‘के’ दाबलं तरी १४च जातो, कारण बटण तेच असतं. त्या १४ चा ‘क’ करायचा की ‘के’, हे विंडोज किंवा लिनक्स ठरवतं, त्या वेळी कुठली भाषा निवडलेली आहे ते पाहून. बिचाऱ्या कीबोर्डला ना रोमन कळते ना देवनागरी. यूएसबीच्या मानकात बटणांना क्रमांक नेमून दिले आहेत, ‘ए’ला ४, ‘बी’ला ५, असे. कीबोर्डने फक्त हे क्रमांक वर कळवत राहायचे.

हे कळवण्याचं काम कीबोर्डमधली एक बारकी चिप करते. म्हणजे कीबोर्ड हा स्वतःच एक छोटा संगणक असतो, आणि ही काही आजची गोष्ट नाही. १९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला, त्याच्या कीबोर्डमध्येही इंटेलची ८०४८ ही चिप बसवलेली होती. चिप आली की तिला चालवणारा प्रोग्रामही आला. त्याला म्हणायचं फर्मवेअर. बहुतेकांच्या कीबोर्डमध्ये तो कारखान्यात एकदा भरला जातो आणि कीबोर्ड भंगारात जाईपर्यंत कुणी त्याचं तोंड पाहत नाही. गेल्या पंधराएक वर्षांत मात्र काही हौशी लोकांनी हा प्रोग्राम स्वतः लिहायला घेतला, जगासाठी खुला केला, आणि आज हजारावर वेगवेगळे कीबोर्ड अशा मुक्त फर्मवेअरवर चालतात. त्यात काय आहे, त्याने काय साधतं आणि काय साधत नाही, ते जरा आत शिरूनच पाहायला हवं.

आधी बटण. पूर्ण आकाराच्या कीबोर्डवर १०४ बटणं असतात. प्रत्येकाला वेगळी तार द्यायची तर चिपला शंभरावर पाय लागतील. म्हणून तारांची जाळी विणतात. समजा, सहा आडव्या आणि अठरा उभ्या. त्यांचे छेद होतात १०८, आणि तारा लागतात फक्त २४. प्रत्येक छेदावर एक बटण. फर्मवेअर एकेका उभ्या तारेवर आळीपाळीने संकेत सोडतं आणि कुठल्या आडव्या तारेवर तो पोचला ते वाचतं. सगळ्या जाळीवरून अशी एक फेरी झाली की लगेच दुसरी, सेकंदाला हजारभर फेऱ्या.

या जाळीत एक खोड आहे. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार बटणं आहेत आणि त्यातली तीन तुम्ही एकदम दाबलीत, तर वीज त्या तीन बटणांतून वळसा घेऊन चौथ्या कोपऱ्यापर्यंत पोचते. चिपला वाटतं, चौथंही दाबलं गेलं. न दाबलेल्या बटणाचं हे भूत. त्यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे प्रत्येक बटणाला एकेक डायोड जोडायचा, म्हणजे वीज उलटी वाहणार नाही. हौशी मंडळी वापरतात तो १एन४१४८ नावाचा, मुंगळ्याएवढा काचेचा डायोड इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात मिळतो. दुसरा उपाय स्वस्त कीबोर्डवाल्यांचा. डायोड गाळायचे, आणि संशय आला की फर्मवेअरने शेवटचं बटण सरळ नाकारायचं. स्वस्त कीबोर्डवर गेम खेळताना तीन-चार बटणं एकत्र दाबली की एखादं मुकाट राहतं, ते बहुधा याच काटकसरीमुळे.

पुढची अडचण धातूची. बटणातल्या पट्ट्या एकमेकींना टेकतात तेव्हा त्या लगेच स्थिर होत नाहीत, काही मिलिसेकंद थरथरतात. चिपचा वेग इतका, की तिला तेवढ्यात बटण पाच-सात वेळा दाबल्यासारखं दिसतं. म्हणून फर्मवेअरला थोडं थांबावं लागतं. ओळीने ५ मिलिसेकंद बटण स्थिर राहिलं, मगच दाब खरा मानायचा. घाई असणाऱ्यांसाठी उलटी रीतही आहे. पहिल्या स्पर्शालाच दाब कळवून टाकायचा आणि पुढचे ५ मिलिसेकंद त्या बटणाकडे दुर्लक्ष करायचं. यातलं काय निवडायचं ते मुक्त फर्मवेअरमध्ये तुम्ही ठरवता. जुन्या कीबोर्डवर एक अक्षर दोनदा उमटायला लागलं तर हा थांबा ५ वरून ८ किंवा १० करायचा. पुष्कळदा बटण बदलायची गरजच उरत नाही.

मग निरोप. साध्या कीबोर्डचा निरोप आठ बाइटचा असतो. पहिल्या बाइटचे आठ बिट हे डावे-उजवे कंट्रोल, शिफ्ट, ऑल्ट आणि विंडोजचं बटण यांच्यासाठी. दुसरा बाइट रिकामा. उरलेल्या सहांत दाबलेल्या सहा बटणांचे क्रमांक. सातव्याला जागाच नाही. एखाद्या कीबोर्डच्या खोक्यावर ‘कितीही बटणं एकत्र दाबा’ अशी जाहिरात असते, त्याचा अर्थ त्याच्या फर्मवेअरने हा आठ बाइटचा साचा सोडून प्रत्येक बटणाला एकेक बिट देणारा लांब निरोप पत्करला आहे. संगणक सुरू होतानाच्या बायॉसला तो लांब निरोप कधीकधी समजत नाही, म्हणून चांगलं फर्मवेअर दोन्ही भाषा बोलतं.

आता या मुक्त फर्मवेअरच्या घराण्याकडे वळू. जुन वाको हे जपानी प्रोग्रामर ‘हासू’ या टोपणनावाने ओळखले जातात. त्यांच्या टीएमके या फर्मवेअरच्या फाइलींवर स्वामित्वहक्काचं साल २०११ दिसतं. त्यांची गरज फार व्यवहारी होती. जुने भक्कम कीबोर्ड, ॲपलच्या जुन्या एडीबी जोडणीचे किंवा पीएस/२ वाले, आजच्या यूएसबीला जोडायचे होते. त्यासाठी मध्ये एक चिप बसवायची. ती एका बाजूने जुनी भाषा ऐकणार, दुसऱ्या बाजूने नवी बोलणार. हॅपी हॅकिंग या प्रसिद्ध जपानी कीबोर्डची मूळ चिप काढून त्या जागी बसवायचं मंडलही त्यांनी तयार केलं. दोन्ही ठिकाणी चिपमधला प्रोग्राम आपला असल्यामुळे बटणांचे अर्थही आपल्याला हवे तसे लावता येऊ लागले.

अमेरिकेतले जॅक हम्बर्ट यांनी टीएमकेची एक शाखा काढली. त्यांचा प्लँक नावाचा कीबोर्ड म्हणजे चार ओळी आणि बारा स्तंभ, बटणं सरळ रेषेत एकाखाली एक, आणि आकड्यांची ओळ अजिबात नाही. इतक्या कमी बटणांत काम भागवायचं तर फर्मवेअरच हुशार हवं. या शाखेचं नाव क्यूएमके, म्हणजे क्वांटम मेकॅनिकल कीबोर्ड. भौतिकशास्त्राशी त्याचा काही संबंध नाही, मेकॅनिकल कीबोर्डवरची कोटी आहे फक्त. पुढे जगभरचे लोक त्यात भर घालत गेले आणि आज मुक्त कीबोर्ड फर्मवेअर म्हटलं की आधी क्यूएमकेचंच नाव निघतं.

त्यातली मध्यवर्ती कल्पना थरांची आहे. कीमॅप नावाची एक फाइल असते. तिच्यात प्रत्येक थर म्हणजे एक तक्ता, बटणं कीबोर्डवर ज्या क्रमाने दिसतात त्याच क्रमाने मांडलेला. खालच्या थरात नेहमीची अक्षरं. वरच्या थरात समजा एच, जे, के, एल या जागी बाण, आणि बाकी सगळ्या जागा ‘पारदर्शक’. पारदर्शक जागेवरचं बटण दाबलं की फर्मवेअर खालच्या थरात डोकावून तिथला अर्थ उचलतं. वरचा थर चालू कसा करायचा? बऱ्याच जणांची आवडती युक्ती म्हणजे स्पेसबार. तो टिचकी मारून सोडला तर मोकळी जागा, दाबून धरला तर थर बदलतो. बाणांकडे जायला हात जागचा हलवावा लागत नाही. दिवसभर लिहिणाऱ्याचं मनगट त्याबद्दल दुवा देईल.

यावर एक रास्त शंका निघते. बटणांचे अर्थ बदलणारी सॉफ्टवेअर विंडोजवर, मॅकवर, लिनक्सवर मिळतातच की, मग एवढा खटाटोप कशाला? घरच्या एकाच संगणकावर काम करणाऱ्याला खरोखरच त्याची गरज नाही, हे मी मोकळेपणाने म्हणेन. पण कार्यालयातल्या संगणकावर काहीही बसवायची परवानगी नसते, सायबर कॅफेतला संगणक आपला नसतो, आणि दोन-तीन यंत्रांवर काम करणाऱ्याला सगळीकडे तीच मांडणी पुन्हा करत बसावं लागतं. फर्मवेअर कीबोर्डबरोबर प्रवास करतं. तार खोचली की मांडणी हजर. संगणकाच्या लेखी तो एक साधा कीबोर्ड असतो.

टिचकी की दाब, हे ओळखणं ऐकायला सोपं वाटतं, पण या सगळ्या प्रकरणातला अवघड भाग तोच आहे. फर्मवेअरला भविष्य दिसत नाही. बटण खाली गेलं, आता ते लगेच वर येणार की खालीच राहणार, हे कळायला वाट पाहावी लागते. क्यूएमकेमध्ये ती मुदत मूळची २०० मिलिसेकंद असते. त्याआधी सुटलं तर टिचकी, नंतर सुटलं तर दाब. एवढ्यावर भागत नाही. मुदत संपायच्या आत दुसरं बटण दाबून सोडलं तर काय समजायचं, याचेही पर्याय आहेत, आणि त्यांतला आपल्या बोटांना मानवणारा शोधण्यात हौशी लोक आठवडे घालवतात.

परदेशात ‘होम रो मॉड्स’ नावाचा प्रकार फार लोकप्रिय आहे. मधल्या ओळीतली ए, एस, डी, एफ ही बटणं टिचकीला अक्षर देतात आणि दाबून धरली की कंट्रोल, शिफ्ट, ऑल्ट वगैरे होतात. करंगळीचे हाल वाचतात, हे खरं. पण इनस्क्रिप्टने मराठी लिहिणाऱ्याने डाव्या हाताला ही सोय करून घेण्याआधी दोनदा विचार करावा. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताकडे आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताकडे आहेत. ए वर ओकाराची मात्रा, एस वर एकाराची, डी वर हलन्त, एफ वर ऱ्हस्व वेलांटी. म्हणजे मराठीत सतत लागणारी चिन्हं नेमकी याच चार बटणांवर. समजा, एस वर कंट्रोल ठेवला आहे आणि तुम्ही सावकाश ‘देह’ लिहिताय. ‘द’साठी ओ, मात्रेसाठी एस, ‘ह’साठी यू. एस वरचं बोट जरा रेंगाळलं आणि तेवढ्यात यू दाबला गेला, की संगणकाला पोचतं कंट्रोल आणि यू. देह राहतो बाजूला आणि पुढचा मजकूर अधोरेखित व्हायला लागतो. कंट्रोल, शिफ्ट अंगठ्याखाली न्यावेत, मात्रांच्या वाटेला जाऊ नये, असं माझं मत.

याउलट ‘ऑटो शिफ्ट’ नावाची एक सोय जणू इनस्क्रिप्टसाठीच केली आहे असं वाटावं. बटण साधं दाबलं तर नेहमीचं अक्षर, थोडं जास्त धरलं तर शिफ्टसकट. मूळ मुदत १७५ मिलिसेकंद. इंग्रजीत तिचा उपयोग कॅपिटल अक्षरांपुरता. इनस्क्रिप्टमध्ये अल्पप्राण व्यंजन साध्या दाबावर आणि त्याचं महाप्राण त्याच बटणाच्या शिफ्टवर ठेवलेलं आहे. क-ख, ग-घ, च-छ, ज-झ, ट-ठ, ड-ढ, त-थ, द-ध, प-फ, ब-भ, दहाही जोड्या अशाच. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या आयएस १३१९४ या मानकात नोंदलेली ही मांडणी बाराखडीचं तर्कशास्त्र जाणणाऱ्यांनी केलेली आहे. ऑटो शिफ्ट लावला की ‘क’ जरा रेटून धरला तर ‘ख’ उमटतो, ‘ल’ धरला तर ‘ळ’, ‘म’ धरला तर ‘ण’, आणि काना धरून ठेवला तर ‘आ’. शिफ्टसाठी करंगळी ताणायची गरज पडत नाही. किंमत एवढीच, की अक्षर बोट उचलल्यावर उमटतं आणि एखादं अक्षर धरून ठेवून त्याची रांग लावता येत नाही. वेगात टाइप करणाऱ्याला ही क्षणभराची दिरंगाई खुपते. मुदत १४०-१५० पर्यंत खाली आणली की खुपणं कमी होतं, पण मग नकळत महाप्राण पडायला लागतात.

फर्मवेअरचा आणखी एक लाडका उद्योग म्हणजे मॅक्रो. एक बटण दाबलं की आधी ठरवून ठेवलेली बटणं ओळीने दाबली गेल्याचं कीबोर्ड कळवतो. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातला ऱ्य इनस्क्रिप्टमध्ये तीन टप्प्यांनी येतो. शिफ्ट-जे म्हणजे ऱ, डी म्हणजे हलन्त, आणि तिरक्या रेघेचं बटण म्हणजे य. हे तिन्ही एका बटणावर बांधता येतं. ‘आहे’ हा शब्द तर प्रत्येक दुसऱ्या वाक्यात येतो. तोही एका बटणावर ठेवता येईल, शिफ्ट-ई, यू, एस. मात्र संगणक त्या वेळी इंग्रजीत असेल तर पडद्यावर ‘आहे’ऐवजी ई, यू, एस ही रोमन अक्षरं उमटतात. कीबोर्डने आपलं काम चोख केलेलं असतं. भाषा कुठली चालू आहे हे त्याला कळायला मार्गच नाही.

मग कीबोर्डने थेट युनिकोड अक्षरच का पाठवू नये? कारण कीबोर्डसाठी ठरलेल्या त्या निरोपात युनिकोडला जागा ठेवलेली नाही. क्यूएमके यातून आडवाटा काढतं. लिनक्सवर बऱ्याच ठिकाणी कंट्रोल-शिफ्ट-यू दाबून मग अक्षराचा सांकेतिक क्रमांक टाइप केला की ते अक्षर उमटतं, ‘क’साठी ०९१५. फर्मवेअर हीच बटणं माणसाच्या वतीने भराभर दाबतं. मॅकवर त्यासाठी निराळी मांडणी निवडावी लागते, विंडोजवर विनकंपोझसारखं सॉफ्टवेअर लागतं. कधीमधी एखादं चिन्ह काढायला हे ठीक आहे. पानंच्या पानं मराठी लिहायची तर हा द्राविडी प्राणायाम नको. संगणकात इनस्क्रिप्ट चालू करावं आणि फर्मवेअरला फक्त जागांचे क्रमांक पाठवू द्यावेत, हेच बरं.

आतापर्यंत सगळं तंत्र झालं. ‘मुक्त’ या बाजूची कथा परवान्याची आहे, आणि तिच्यात भांडणं आहेत. क्यूएमके जीपीएल परवान्याखाली आहे. ते कुणीही वापरावं, बदलावं, विकावंसुद्धा. अट एकच, बदललेलं फर्मवेअर घालून कीबोर्ड विकलात तर बदललेला सोर्स कोडही ग्राहकाला द्यायचा. काही विक्रेत्यांनी फर्मवेअर घेतलं आणि कोड द्यायला टाळाटाळ केली. अशांची यादीच क्यूएमकेवाल्यांनी आपल्या दस्तऐवजांत प्रसिद्ध केली आहे. कोर्टात जाण्याइतका पैसा नसलेल्या स्वयंसेवकांच्या हातात जाहीर नाव घेणं हेच हत्यार उरतं.

याच परवान्याची एक गाठ ब्लूटूथशी पडली. चिप बनवणाऱ्या कंपन्या ब्लूटूथ चालवणारा भाग बऱ्याचदा सोर्स कोड न देता तयार स्वरूपात देतात. जीपीएलच्या कोडला असा बंद भाग चिकटवता येत नाही. त्यामुळे बिनतारी कीबोर्डसाठी क्यूएमके अवघडून राहिलं. २०२० साली पीट जोहान्सन यांनी झेडएमके हा वेगळा प्रकल्प सुरू केला. त्याचा पाया झेफिर ही मुक्त संगणक प्रणाली. तिच्यातलं ब्लूटूथही मुक्त आहे. झेडएमकेचा परवाना एमआयटी, म्हणजे कोड परत द्यायची सक्ती नाही. बॅटरी वाचवण्याचा विचार त्यात मुळापासून आहे. दोन तुकड्यांच्या बिनतारी कीबोर्डमध्ये संगणकाशी बोलणाऱ्या तुकड्याची बॅटरी दुसऱ्याच्या आधी उतरते, इतके बारकावे वापरणाऱ्यांच्या रोजच्या बोलण्यात असतात. तारेचा कीबोर्ड असेल तर क्यूएमके, बिनतारी असेल तर झेडएमके, हा ढोबळ नियम पुरे.

फाइल लिहा, कंपाइल करा, चिपमध्ये भरा, हा व्याप प्रत्येकाला झेपत नाही. त्यासाठी व्हाया आणि व्हायल ही साधनं निघाली. फर्मवेअर एकदा भरलं की पडद्यावर कीबोर्डचं चित्र दिसतं, बटणावर क्लिक करून नवा अर्थ द्यायचा, तो तत्क्षणी लागू होतो. व्हायाचा स्वतःचा कोड सुरुवातीला बंद होता, आणि मुक्त फर्मवेअरला बंद साधन जोडण्याची ही विसंगती काहींना खटकली. व्हायल पहिल्यापासून खुलं आहे.

जागेची टंचाई हा या धंद्यातला जुना रडगाण्याचा विषय. वर्षानुवर्षं हौशी कीबोर्डमध्ये एटीमेगा३२यू४ ही चिप असायची. तिच्यात ३२ किलोबाइट जागा, त्यातले सुमारे ४ बूटलोडरला, म्हणजे नवा प्रोग्राम चिपमध्ये भरून घेणाऱ्या छोट्या प्रोग्रामला, उरले २८. रंगीत दिवे, मॅक्रो, लहानसा पडदा असं सगळं घालायला गेलं की कंपाइल होताना शेवटी उत्तर यायचं, मावत नाही. मोबाइलवरचा एक साधा फोटोसुद्धा याच्या शंभरपट मोठा असतो. २०२१ मध्ये रास्पबेरी पाय पिको हे मंडल आरपी२०४० चिपसह आलं. त्यावर २ मेगाबाइट जागा आहे, किंमतही कमी. टंचाई संपली.

सुरक्षेबद्दल दोन शब्द. जे उपकरण स्वतःला कीबोर्ड म्हणवतं त्याच्यावर संगणक डोळे मिटून विश्वास ठेवतो. २०१४ च्या ब्लॅक हॅट परिषदेत जर्मन संशोधकांनी पेन ड्राइव्हचं फर्मवेअर बदलून त्याला कीबोर्डचं सोंग घ्यायला लावलं होतं. तो पेन ड्राइव्ह स्वतःच आज्ञा टाइप करत होता. त्यामुळे फर्मवेअरमध्ये काय आहे हे वाचता येणं, निदान कुणाला तरी वाचता येणं, यात फायदा आहे. पण पासवर्ड मॅक्रोमध्ये ठेवण्याचा मोह टाळावा. चिपमध्ये तो उघडाच पडलेला असतो, आणि कीबोर्ड उचलून नेणाऱ्याला एक बटण दाबायचं काम.

ज्याला हे करून पाहायचं आहे त्याने महागडा कीबोर्ड घ्यायची घाई करू नये. या छंदात पैसे फुंकायच्या वाटा असंख्य आहेत, आणि बटणांच्या आवाजावर तासन्‌तास चर्चा करणाऱ्यांना त्या सगळ्या ठाऊक असतात. एक पिको आणि आठ-नऊ साधी बटणं पुरतात. इतक्या थोड्या बटणांना जाळी लागत नाही, डायोड लागत नाहीत. प्रत्येक बटणाचा एक पाय पिकोच्या एकेका पिनला, दुसरा ग्राउंडला. ज्ञ, क्ष, ऱ्य, श्र, ‘आहे’, ‘आणि’ असं जे रोज लागतं ते त्यांच्यावर बांधायचं. भरायची रीत सोपी आहे. पिकोवरचं पांढरं बटण दाबून धरून तार खोचली की तो संगणकात पेन ड्राइव्हसारखा दिसतो, तयार झालेली फाइल त्यात टाकली की काम झालं. चुकीची फाइल गेली तरी भीती नाही. बूटलोडर चिपमध्ये पक्का कोरलेला असतो, पुन्हा तेच बटण दाबून नवी फाइल टाकायची. कीमॅपची मूळ फाइल मात्र स्वतःजवळ जपून ठेवावी, कारण चिपमध्ये गेलेल्या प्रोग्राममधून ती जशीच्या तशी परत काढता येत नाही.